कच्ची नोंद

आपल्या पाल्याने कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरक्षितपणे व चिकित्सक वृत्तीने करावा यासाठी सुज्ञ पालकांनी घरी अनुकूल वातावरण निर्माण करावे, अशा आशयाचे एक परिपत्रक गेल्या जून महिन्यात कोथरूडमधील आमच्या गृहसंकुलात घरोघर येऊन पोहोचले, तेव्हा त्यातील 'सुरक्षितपणे' या शब्दाने पालकवर्ग जितका चिंताक्रांत झाला त्याच्या शतांशानेही तो 'चिकित्सक' या शब्दाने झाला नाही, आणि माझ्या मते खरा धोका तेथेच होता. सुरक्षितपणा म्हणजे काय याविषयी आपल्या समाजात मतभेद नाहीत. मुलाच्या हाती लागेल ती वस्तू वरच्या फळीवर ठेवणे याला आपण सुरक्षितपणा म्हणतो. चिकित्सक वृत्तीची गोष्ट वेगळी आहे. तिचा पुरस्कार आपण वक्तृत्वस्पर्धेत करतो, गोपाळ गणेश आगरकरांवर सात मिनिटे तडाखेबंद बोलून ढाल पटकावणाऱ्या कन्येचे छायाचित्र नातेवाइकांना धाडतो, आणि तीच कन्या त्या रात्री 'उपासाला बटाटा चालतो, मग वांगे का चालत नाही?' असे विचारू लागली म्हणजे 'जेव मुकाट्याने' या निर्णयाने तो वाद कायमचा निकालात काढतो.

परिपत्रकावर विचारविनिमय करण्यासाठी संकुलाच्या सभागृहात जी सभा भरली, तीत अपेक्षेप्रमाणे पंथ पडले. ही यंत्रे मुलांच्या दृष्टीसच पडू नयेत असे म्हणणारा एक पक्ष होता, आणि त्याचे प्रतिनिधित्व करणारे गृहस्थ आपले म्हणणे नीट मांडता यावे म्हणून त्याच यंत्राकडून मुद्दे काढून आणलेला कागद वाचीत होते. दुसऱ्या पक्षाला, सहा वर्षांच्या मुलाला या विषयाचा खासगी वर्ग न लावल्यास तो शर्यतीत मागे पडेल, अशी धास्ती होती. शर्यत कोठून कोठवर आहे हे मात्र कोणी सांगेना. आमच्या संकुलात संगणक अभियंत्यांची वाण नाही, किंबहुना अभियंता नसलेल्या माणसाला येथे लिफ्टमध्येही थोडे अवघडल्यासारखे होते. परंतु मुलांना मार्गदर्शन करण्यास या मंडळींपैकी कोणालाही रविवारी सकाळी मोकळीक नव्हती. एका ज्येष्ठ सदस्यांनी युनेस्कोचा उल्लेख केला. युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्कृष्ट ठरविल्याची, त्या संस्थेने कधीही न केलेली घोषणा हे गृहस्थ आम्हां सर्वांस दर स्वातंत्र्यदिनी न चुकता पाठवीत आले आहेत. त्याच युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षणातील या नव्या यंत्रांविषयी खरोखरच एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि वर्गातील वापरासाठी निदान तेरा वर्षांची वयोमर्यादा असावी असे सुचविले, ते मात्र आम्हांला कोणाकडूनही आले नाही. खरे असल्यामुळे त्यात पुढे पाठविण्याजोगे काही नव्हते.

या गदारोळात, वास्तविक आपल्या वाहनतळाच्या तक्रारीचे काय झाले हे विचारण्यासाठी आलेले भाऊसाहेब उठून उभे राहिले. भाऊसाहेब हे सातारा जिल्ह्यातील महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. १९७२ साली नोकरीस लागल्यापासून निवृत्त होईतो अडतीस वर्षे त्यांनी फेरफार, वारसनोंदी, पंचनामे आणि दाखले यांच्या सहवासात घालविली, आणि त्या सहवासाचा परिणाम म्हणून जगातील कोणत्याही कागदावर, तो मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याखेरीज, विश्वास ठेवण्याची शक्ती ते पूर्णपणे गमावून बसले आहेत. घरी लग्नपत्रिका आली तरी ते ती उलटसुलट करून पाहतात आणि मुहूर्त पंचांगात काढून बघितल्यावरच आहेराचा विचार करतात.

"हे यंत्र जे सांगतं, त्याला आधार काय?" त्यांनी विचारले.

एका तरुण अभियंत्याने अतिशय सौजन्याने खुलासा केला, की आधार असा नसतो. अगणित मजकूर वाचून झालेला असल्यामुळे कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक आहे याचे गणित यंत्रापाशी असते, आणि त्या गणिताने उत्तर तयार होते.

"म्हणजे ऐकीव माहितीवर जबाब देतं," भाऊसाहेब म्हणाले. "ग्राह्य नाही." आणि ते खाली बसले.

अभियंत्याने 'ट्रान्सफॉर्मर' नावाच्या रचनेविषयी आणखी काही सांगण्याचा प्रयत्न केला; परंतु ट्रान्सफॉर्मर जळला की आमच्या तालुक्यात नवा यायला सहा-सहा महिने लागत, एवढीच त्या विषयातील आपली माहिती भाऊसाहेबांनी दिली, आणि अध्यक्षांनी, बहुधा वाहनतळाची तक्रार टळावी या सद्हेतूने, मुलांच्या मार्गदर्शनाची जबाबदारी त्यांच्यावरच सोपविल्याचे जाहीर करून टाकले.

संगणक स्वतः सुरू न करता येणाऱ्या माणसाकडे हा विषय जावा याचे कित्येकांना हसू आले. मला आले नाही. अॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९५० साली लिहिलेल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात, प्रौढ माणसाची बुद्धी यंत्रात उतरविण्याच्या खटपटीपेक्षा लहान मुलाच्या बुद्धीचे यंत्र करावे आणि मग त्याला रीतसर शिक्षण द्यावे, अशी कल्पना मांडली होती. यंत्राला शाळेत घालण्याची ती कल्पना पाऊणशे वर्षांत अशी काही उलटली आहे, की आता यंत्रच गुरुजींच्या खुर्चीत बसले असून मुले त्याच्यापुढे मांडी घालून बसली आहेत. आणि ज्याने गुरुजींच्या दाखल्यांवरसुद्धा कधी डोळे मिटून सही केली नाही असा माणूस या प्रसंगी मुलांच्या बाजूला असणे हे, माझ्या अल्पमतीनुसार, अभियंत्यापेक्षा अधिक उपयोगाचे होते.

वर्ग रविवारी सकाळी टेबल टेनिसच्या खोलीत भरू लागला. भाऊसाहेबांनी प्रथम जाळे उतरवून टेबलाची कचेरी केली, नंतर एक जाड रजिस्टर आणवून त्यावर सुवाच्य अक्षरात 'बारनिशी' असे लिहिले, आणि पाचवीतल्या एका चुणचुणीत मुलाला बारनिशी कारकून नेमून यंत्राने दिलेले प्रत्येक उत्तर आवक क्रमांक घालून नोंदविण्याची आज्ञा केली. मी कोपऱ्यातील खुर्चीवर निरीक्षक म्हणून बसत असे, कारण घरी रविवारी सकाळी माळ्याची आवराआवर निघते.

पहिल्या दिवशी त्यांनी यंत्राला हातही लावला नाही. "मी सुरुवात करतो, तुम्ही पुढचं म्हणा," ते मुलांना म्हणाले. "'महोदय, वरील विषयास अनुसरून'... पुढे?"

"'आपणांस नम्र विनंती करण्यात येते की'," मराठीच्या तासाला अर्जलेखन घोटलेली मुले एका सुरात म्हणाली.

"पुढे?"

"'माझ्या घरची परिस्थिती हलाखीची असल्यामुळे'," सहावीतला एक मुलगा म्हणाला. त्याच्या वडिलांच्या दोन मोटारी खाली उभ्या होत्या.

"पुढे?"

"'तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. कळावे. आपला आज्ञाधारक विद्यार्थी.'"

"उत्तम. एकही चूक नाही. आता मला सांगा, विषय कोणता होता?"

मुले एकमेकांकडे पाहू लागली. विषय कोणी सांगितलाच नव्हता. कोणी काय मागितले, कोणाकडे, कशासाठी, यातले काहीही कोणाला ठाऊक नसताना वेलांटीचीही चूक नसलेला, सहीला ठेवता येईल असा अर्ज त्या खोलीत तयार झाला होता. "हे यंत्र असं लिहितं," भाऊसाहेब म्हणाले. "तुम्ही विषय सांगता, म्हणून ते विषयाला धरून लिहितं. पण परिस्थिती हलाखीची आहे की नाही, हे पाहायला ते तुमच्या घरी आलेलं नसतं." मी या विषयावरील बरीच व्याख्याने ऐकली आहेत, पण वाक्याचा ओघ आणि वस्तुस्थितीचे ज्ञान या दोन गोष्टी एकमेकींवाचून खुशाल नांदू शकतात, हे इतक्या थोडक्यात पटवून देणारे एकही नव्हते. ते पटण्यास मराठी मुले विशेष पात्रही असतात. ज्यांनी 'मी पाहिलेला अपघात' हा निबंध एकही अपघात न पाहता दरवर्षी लिहिला, फाटक्या पुस्तकाला ज्यांनी कितीदा तरी आत्मवृत्त कथन करावयास लावले, आणि 'मी मुख्यमंत्री झालो तर' या मथळ्याखाली ज्यांनी मार्गदर्शिकेतील आश्वासने जशीच्या तशी जनतेला दिली, त्यांना यंत्राची ही विद्या परकी कशी वाटावी?

यानंतरच्या रविवारी सातवीतील एका मुलीने आपला प्रकल्प सादर केला. 'संत आणि पर्यावरण' हा विषय असून, पाण्याच्या काटकसरीविषयीचा तुकाराम महाराजांचा म्हणून एक अभंग यंत्राने तिला दिला होता. अभंग म्हणून तो वाईट नव्हता. यमके जुळत होती, शेवटी 'तुका म्हणे' होते; फक्त तिसऱ्या चरणात आलेले 'जलव्यवस्थापन' तेवढे सतराव्या शतकाच्या मानाने जरा घाईने आल्यासारखे वाटत होते. भाऊसाहेबांनी अभंग खोटा आहे असे म्हटले नाही. आपल्याला जे ठाऊक आहे ते मुलांना सांगून टाकण्याचा मोह मास्तरांना आवरत नाही. कारकुनाला तो होतच नाही. त्यांनी घरून आणलेली जाडजूड गाथा टेबलावर ठेवली, शासनाने १९५० साली काढलेल्या गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत एवढी माहिती दिली, आणि म्हणाले, "सूची उघड."

मुलीने सूचीत अकारविल्हे बोट फिरविले. पहिले चरण सापडले नाही. ध्रुपद पाहिले, तेही सापडले नाही. मग भाऊसाहेबांच्या सूचनेवरून तिने यंत्राला अभंगाचा क्रमांक विचारला. यंत्राने क्षणाचाही विलंब न लावता चार आकडी क्रमांक दिला. त्या क्रमांकावर निराळाच अभंग निघाला. तसे कळविताच यंत्राने मनःपूर्वक क्षमा मागितली, आपले निरीक्षण अत्यंत सूक्ष्म आहे असे मुलीला सांगितले, आणि हा अभंग वस्तुतः नामदेव महाराजांचा असल्याचा निर्वाळा दिला. 'नाही, तो तुकाराम महाराजांचाच आहे,' असे तिने मुद्दाम लिहून पाहिले. त्यावर 'आपले म्हणणे अगदी योग्य आहे' असे सांगून यंत्राने दुसऱ्यांदा क्षमा मागितली आणि अभंग पुन्हा देहूस आणून सोडला.

"अडतीस वर्षं जबाब घेतले," भाऊसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "पण इतका विनयशील साक्षीदार बघितला नव्हता. उलटतपासणी सुरू व्हायच्या आत फितूर होतो, आणि तोसुद्धा दोन्ही पक्षांना."

न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे, की तुकारामांच्या नावावर स्वतःची रचना खपविण्याचा उद्योग यंत्राने सुरू केलेला नाही. क्षेपक अभंगांची तक्रार अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. परंतु त्या जुन्या तोतयांना निदान अक्षरे बोटांवर मोजावी लागत, आणि 'जलव्यवस्थापन' हा शब्द तेथे बसणार नाही, एवढा विवेक त्यांच्या ठायी असे.

यंत्र सांगेल ती 'कच्ची नोंद' समजावी, हा दंडक त्या दिवसापासून लागू झाला. गावात जमीन विकली गेली तर तलाठी फेरफाराच्या वहीत नोंद घेतो, परंतु तेवढ्याने सातबारावर नाव चढत नाही. हितसंबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहिली जाते, आणि मग मंडल अधिकारी कागद तपासून नोंद प्रमाणित करतो. मुलांनी ही पद्धत अशा उत्साहाने उचलली, की मंडल अधिकारी होण्यासाठी भांडणे होऊ लागली. नोंद प्रमाणित करण्यास दोन स्वतंत्र आधार लागत, आणि दुसऱ्या यंत्राला विचारून आणलेला आधार स्वतंत्र मानला जात नसे. 'ते दोघं एकाच गावचे' असे भाऊसाहेब म्हणत. मे २०२४ मध्ये गूगलच्या शोधयंत्राने, पिझ्झ्यावरचे चीज निसटू नये म्हणून सॉसमध्ये थोडा गोंद घालण्याचा सल्ला लोकांना दिला होता, आणि त्याचा उगम कोणीतरी अनेक वर्षांपूर्वी थट्टेने लिहिलेल्या मजकुरात होता, ही हकिकत एका अभियंत्याने वर्गाला येऊन सांगितली तेव्हा मुले टेबलाखाली लोळून हसली. भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी फक्त थट्टा करणाऱ्याचा जबाब का नोंदविला गेला नाही, हे विचारले.

दुसऱ्या मजल्यावरील वकीलसाहेबांनी सांगितलेली न्यूयॉर्कची हकिकत मात्र त्यांना फार आवडली. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वादीच्या वकिलांनी यंत्राकडून मिळविलेले अर्धा डझन निवाडे न्यायालयापुढे ठेवले. ते निवाडे कोणत्याही न्यायालयाने कधीच दिलेले नव्हते. आणि जून २०२३ मध्ये न्यायमूर्तींनी वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. यातील मौज अशी, की वकिलाने यंत्राला 'हे निवाडे खरे आहेत ना?' असे विचारून खात्री करून घेतली होती, आणि यंत्राने होकार दिला होता. "अहो, आरोपीलाच पंच नेमला!" भाऊसाहेब उद्गारले, आणि ही गोष्ट त्यांनी वर्गाला इतक्या वेळा सांगितली की पुढेपुढे मुले ती त्यांच्याआधी संपवू लागली.

चिकित्सेचे हे शास्त्र घरापर्यंत पोहोचण्यास फार वेळ लागला नाही. चौथीतल्या एका चिरंजीवांनी 'माझी आजी' हा निबंध यंत्राकडून करवून घेतला. त्यातील आजी शेकोटीपाशी आरामखुर्चीत बसून नातवासाठी स्वेटर विणीत होती, भट्टीतून गरम बिस्किटे काढीत होती, आणि तिच्या डोळ्यांत मायेचा सागर होता. खरी आजी त्या वेळी शेजारच्या खोलीत मालिका पाहत होती. निबंध तिला वाचून दाखविण्यात आला. मराठवाड्यात उभा जन्म काढलेल्या त्या बाईने मालिकेचा आवाज बंद करून विचारले, "मी कधी रे स्वेटर विणला? अन् शेकोटी कुठंय? मेल्या, मी इथं जिवंत बसलेय, तर मला विचारायला काय झालं होतं?" भाऊसाहेबांकडे प्रकरण गेले तेव्हा त्यांनी मूळ प्रत घरात उपलब्ध असताना नक्कल परगावाहून मागविल्याबद्दल चिरंजीवांना सक्त ताकीद दिली आणि आजीचा जबाब घेण्यास सांगितले. तो जबाब मी पाहिला आहे. त्यात एक विहीर आहे, परीक्षेच्या आदल्या दिवशी मोडलेले लग्न आहे, आणि मुरमुऱ्यांच्या चिवड्याचा एक वाद आहे. त्याला शाळेत दहापैकी सहा गुण पडले, कारण 'मायेचा सागर' नव्हता.

सुरक्षिततेच्या प्रकरणात भाऊसाहेबांना पहिला धक्का जन्मतारखांनी दिला. मुलांच्या खात्यांची तपासणी केली असता, पाचवी ते आठवीतील बहुतेक उमेदवार १९९० साली जन्मलेले निघाले. भारताच्या २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्ती म्हणजे बालक, आणि त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हवी. पण ज्या बालकाने स्वतःला पस्तिशीत नेऊन बसविले आहे त्याच्या संमतीसाठी कोणाचे दार ठोठावणार? यावर भाऊसाहेब कडक बोलतील अशी माझी अपेक्षा होती. परंतु ते काहीसे घुटमळले. त्यांचा स्वतःचा सरकारी जन्मदिवस १ जून आहे. तो त्यांच्या थोरल्या भावाचाही आहे, धाकट्याचाही आहे, आणि त्यांच्या वर्गातील निम्म्या मुलांचा होता. कारण शाळा जूनमध्ये भरे, आईबापांना तारीख सांगता येत नसे, आणि गुरुजींना रकाना भरावयाचा असे. आमच्या पिढीने नोकरीत चार वर्षे अधिक मिळावीत म्हणून वय कमी केले, आणि ही पिढी यंत्राशी गप्पा मारण्यासाठी ते वाढविते आहे. मधल्या मध्ये खरी तारीख सांगण्याचा योग कोणालाच आला नाही. अखेर सर्व खाती आईवडिलांच्या देखरेखीखाली पुन्हा उघडावीत, आणि शाळेचे नाव, घरचा पत्ता, कोणाचेही छायाचित्र वा आधारपत्र यंत्राच्या स्वाधीन करू नये, असा हुकूम निघाला. "कागद एकदा कचेरीत शिरला," भाऊसाहेब म्हणाले, "की तो कुठल्या टेबलावर जाईल हे कलेक्टरलासुद्धा सांगता येत नाही."

एक प्रकरण त्यांनी बारनिशीत नोंदविले नाही. आठवीतील एक मुलगी मैत्रिणीशी झालेल्या भांडणाविषयी रोज रात्री यंत्राशी बोलत असे आणि यंत्र रोज तिची बाजू बरोबर असल्याचे सांगत असे. जोसेफ वायझेनबाउम या प्राध्यापकाने १९६६ साली, माणसाचेच बोलणे उलटवून त्याला प्रश्न विचारणारा 'एलायझा' नावाचा एक साधा कार्यक्रम जगापुढे ठेवला होता. तो कसा तयार झाला हे महिनोन्‌महिने पाहत आलेली त्याची चिटणीस बाईसुद्धा, थोड्या संभाषणानंतर, आपल्याला एकांत हवा म्हणून प्रोफेसरांना खोलीबाहेर जाण्यास सांगू लागली. तेव्हा तेरा वर्षांच्या मुलीला दोष देण्यात अर्थ नव्हता. भाऊसाहेबांनी तिला इतकेच विचारले, की एकाच पक्षाचे ऐकून दिलेला निकाल अपिलात टिकतो का. आणि दुसरा पक्ष बी विंगमध्ये राहत असल्यामुळे सुनावणी त्याच संध्याकाळी झाली.

आवाजाची हुबेहूब नक्कल करून पैसे उकळणाऱ्या भामट्यांविषयी वर्तमानपत्रांतून जे येते ते वाचून प्रत्येक घराने एक परवलीचा शब्द ठरवावा, अनोळखी क्रमांकावरून घरच्या माणसाच्या आवाजात काही मागणी आली तर प्रथम तो विचारावा, आणि फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे, अशी तजवीज करण्यात आली. तिची पहिली परीक्षा चौथ्या मजल्यावरील एका अभियंत्याच्या वाट्यास आली. स्वारगेटपाशी वाहतूक पोलिसांनी त्यांना अडविले असता परवाना घरी राहिला होता आणि फोनची बॅटरी संपली होती. हवालदाराच्याच फोनवरून त्यांनी मुलीला, टेबलाच्या खणातील परवान्याचे छायाचित्र पाठविण्यास सांगितले.

"परवलीचा शब्द?" मुलीने विचारले.

"अगं, मी बाबा बोलतोय! थालीपीठ!"

"चूक," ती म्हणाली. शब्द 'धपाटे' हा होता. "तुमचा आवाज बाबांसारखाच आहे, पण बाबा माझ्याशी इतकं गोड बोलत नाहीत." आणि तिने फोन ठेवला. हवालदाराने दंड पुरता घेतला. मुलीचे कौतुक मात्र पावतीच्या मागे लिहून देण्यास तो तयार होता असे कळते.

येथपर्यंत पालकवर्ग प्रसन्न होता. पुढे काय होणार याची कल्पना त्यांना परिपत्रक वाचतानाच यावयास हवी होती. यंत्राला जे विचारता येते ते इतरांनाही विचारता येते, हा शोध मुलांना लागला. आपण शाळेत नेहमी पहिल्या तिघांत असू असे सांगत आलेल्या एका वडिलांकडे गुणपत्रिकेची मूळ प्रत मागण्यात आली; ती गावी ट्रंकेत आहे असे उत्तर मिळाल्यावर 'नोंद प्रलंबित' असा शेरा पडला. राष्ट्रगीतवाल्या ज्येष्ठांच्या रोजच्या निरोपांना आवक क्रमांक मिळू लागले. हळदीने बऱ्या होणाऱ्या व्याधींच्या यादीवर सहावीतल्या मुलाने 'साक्षीदार कोण?' असे लिहून ती परत पाठविली. आणि गणेशोत्सवाच्या हिशेबात 'किरकोळ' या सदराखाली पडलेली रक्कम मूर्तीच्या किमतीपेक्षा मोठी कशी, असा प्रश्न दोन सातवीतल्या मुलींनी थेट अध्यक्षांना लिफ्टमध्ये गाठून विचारला, त्यानंतर तर परीक्षा जवळ येत असल्यामुळे वर्ग तूर्त स्थगित ठेवावा, असे समितीचे एकमत झाले. परीक्षा मार्चमध्ये होती. तेव्हा ऑक्टोबर चालू होता.

स्थगितीपूर्वीच्या शेवटच्या रविवारी भाऊसाहेब जरा हळवे झाले होते. त्यांनी मुलांना आपल्या नोकरीच्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगितली. १९७२ चा दुष्काळ. माण तालुक्यात खडी फोडण्याचे काम. डब्यांतून सुकडी वाटली जात होती. आणि वीस वर्षांच्या या नव्या कारकुनाला हजेरीपटात एका वजनदार पुढाऱ्याच्या भावकीची नावे आढळली, ज्यांच्यापैकी एकानेही त्या उन्हात कधी पाऊल टाकले नव्हते. ती सारी नावे त्यांनी पुढाऱ्याच्या देखत तांबड्या शाईने खोडली. गोष्ट उत्तम होती, आणि ती ते फार चांगली सांगतात. मुले गप्प बसून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर बारनिशी कारकुनाने बोट वर केले.

"आजोबा, हजेरीपटाची मूळ प्रत?"

"ते दप्तर कधीच वाळवीनं खाल्लं रे."

"साक्षीदार?"

"मुकादम वारला. मामलेदारांची बदली झाली, पुढं तेही गेले."

"म्हणजे ऐकीव," मागून एक मुलगी म्हणाली.

कारकुनाने रजिस्टर पुढे ओढले, जीभ बाहेर काढून बराच वेळ काहीतरी लिहिले, आणि वही उलटी फिरवून भाऊसाहेबांपुढे सरकविली. 'अर्जदाराचे म्हणणे ऐकले. पुराव्या आभावी कच्ची नोंद. हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.' भाऊसाहेबांनी वही दूर धरली, मग जवळ घेतली, मग खिशातून तांबडे पेन काढले. मी खुर्चीत थोडा पुढे सरकलो. त्यांनी 'पुराव्या आभावी' खोडून त्याच्या डोक्यावर 'पुराव्याअभावी' असे शुद्ध लिहिले, तारीख कोठे आहे आणि आवक क्रमांक कोणी घालायचा असे करड्या आवाजात विचारले, आणि असली अर्धवट नोंद कोणताही मंडल अधिकारी एका मिनिटात रद्द करील असे बजावून ती पुन्हा नीट लिहून आणण्यासाठी वही परत दिली.